खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी घरी कोणता आरओ बसवावा? (मदत माशांपेक्षा मला हवी आहे)

कूपमंडूक | रविवार, रात्री १०:५२

मंडळी, दहा-बारा वर्षं गोड्या पाण्यातले मासे पाळून झाल्यावर यंदा खाऱ्या पाण्यात उडी मारली आहे. टाकी दोनशे लिटरची. राहतो पुण्याच्या पूर्वेला, वाघोलीच्या बाजूला, सातमजली इमारतीत पाचव्या मजल्यावर. टाकीत दोन क्लाउनफिश, एक गोबी, एक क्लीनर कोळंबी आणि दहाएक गोगलगायी.

दुखणं असं की चार महिने काचेवर आणि वाळूवर तपकिरी थर धरतोय. सकाळी पुसावा, संध्याकाळी परत हजर. नव्या टाकीत पहिले काही आठवडे हे होतंच म्हणून गप्प बसलो, पण चार महिने म्हणजे फार झालं. मीठ चांगलं, मरीन टाकीसाठीचंच वापरतो. पाणी स्वयंपाकघरातल्या आरओचं. परवा टीडीएस पेन आणला (पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला किती मिलिग्रॅम ते दाखवतो). नळाचं पाणी, म्हणजे टँकर आणि बोअरची मिसळ, ६४० दाखवतं. आरओचं ६८.

आता तीन पर्याय समोर आहेत. एक, आहे तोच आरओ चालू ठेवायचा. दोन, दुकानदार सुचवतोय तो 'कॉपर प्लस अल्कलाइन' नवा आरओ, त्याच्या मते मासेसुद्धा ठणठणीत होतील. तीन, परदेशी बनावटीचं चार टप्प्यांचं आरओ-डीआय (डीआय म्हणजे आरओनंतर उरलेले क्षार पकडणाऱ्या रेझिनचा डबा), थेट नळाला जोडायचं, पंप-बिंप काही नाही. बायकोने चौथा पर्याय दिलाय, तो इथे लिहीत नाही.

तळ्यात_मळ्यात | रविवार, रात्री ११:३०

दुसरा पर्याय आत्ताच्या आत्ता विसरा. तांबं माणसाला चालत असेल, कोळंबी-गोगलगायींना ते विष आहे. माशांच्या परजीवींवर औषध म्हणून तांबं देतात तेव्हासुद्धा कोळंबी, खेकडे, गोगलगायी आधी दुसऱ्या टाकीत हलवाव्या लागतात. आणि तुम्ही पैसे मोजून रोज पाण्यातून घालणार?

आता ६८ बद्दल. मेम्ब्रेन, म्हणजे आरओतला गाळणारा पडदा, धड असेल तर आत जाणाऱ्या क्षारांपैकी ९६ ते ९८ टक्के अडवतं. ६४० चे २५ व्हायला हवेत, फार तर ३०. ६८ म्हणजे एकतर मेम्ब्रेन गेलंय, नाहीतर टीडीएस कंट्रोलर उघडा आहे. माझा संशय कंट्रोलरवर. घरगुती आरओत पाणी 'गोड' लागावं म्हणून मेम्ब्रेनमधून न गेलेलं थोडं पाणी शुद्ध पाण्यात परत मिसळायची सोय असते. बसवणारा माणूस तो स्क्रू अंदाजाने फिरवून जातो. म्हणजे एका हाताने काढायचं, दुसऱ्या हाताने घालायचं. झाकण उघडून बघा आणि इथे कळवा.

लिंबूटिंबू | सोमवार, सकाळी ८:१४

बाळबोध शंका. शेवटी लिटरमागे मूठभर मीठ घालायचंच आहे, मग आधी पाण्यातले क्षार काढायचा खटाटोप कशाला? ६८ काय न् ६४० काय, समुद्रात कुठे आरओ आहे?

तळ्यात_मळ्यात | सोमवार, सकाळी ९:०५

शंका बाळबोध नाही, सगळ्यांना पडते, फक्त कोणी विचारत नाही.

समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार. त्यात ६४० मिलिग्रॅमची भर म्हणजे वजनात किरकोळ. पण प्रश्न वजनाचा नाही, काय आहे त्याचा आहे. मिठाच्या पुड्यात काय किती आहे ते ठरवून घातलेलं असतं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमबरोबर नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका काय वाटेल ते असू शकतं, आणि पेन तुम्हाला नावं सांगत नाही, नुसता एक आकडा सांगतो.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. खाऱ्या टाकीतून वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. म्हणून रोजची भर बिनमिठाच्या पाण्याने घालायची. दोनशे लिटरच्या टाकीतून दिवसाला तीन लिटर उडालं असं धरा. ६४० चं पाणी घातलंत तर रोज जवळपास दोन ग्रॅम, महिन्याला अठ्ठावन्न ग्रॅम अनोळखी माल टाकीत साचतो. ६८ चं घातलंत तर महिन्याला सहा ग्रॅम. कमी, पण सहा ग्रॅममध्ये शेवाळाचं बारसं थाटात होतं.

सिंधुदुर्गकर | सोमवार, सकाळी ११:४०

आमच्याकडे येवा. चार कॅन भरून समुद्राचं पाणी घेऊन जावा, आरओ पण नको आणि मीठ पण नको. हलके घ्या, पण खरंच कोणी तसं करत नाही का?

तळ्यात_मळ्यात | सोमवार, दुपारी १:२२

करतात. पण पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी पाणी अर्धं गोडं आणि गढूळ असतं, आणि मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी मी माझ्या माशांना तर सोडाच, शेजाऱ्याच्या माशांनाही घालणार नाही. शिवाय वाफेची भर घालायला गोडं पाणी लागतंच, तिथे आरओ सुटत नाही. आणि पाण्याबरोबर किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलून आणायचा मोह कोणाला होत असेल तर सांगून ठेवतो, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळं पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीत. मेलेला तुकडा आहे असं म्हणून सुटका नाही.

लिंबूटिंबू | सोमवार, दुपारी १:३०

मग एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी? त्याचा टीडीएस आमच्याकडे १२ आहे, फुकट. किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते?

अणुरेणू | सोमवार, दुपारी २:१८

एसीचं पाणी म्हणजे हवेतली वाफ गार नळ्यांवर जमून खाली आलेली, म्हणून टीडीएस कमी. पण त्या नळ्या बहुतेक वेळा तांब्याच्या, त्यांवर बसवलेल्या पट्ट्या अॅल्युमिनियमच्या, आणि ट्रेमध्ये बुरशीचा संसार. १२ मधलं बाराच्या बारा काय आहे हे पेन सांगणार नाही. कुंड्यांना घाला. बॅटरीचं पाणी चांगलंही असू शकतं, वाईटही. ते बॅटरीसाठी बनवलेलं असतं, कॅनही त्याच विचाराने भरलेला असतो. आणीबाणीला पाच लिटर ठीक, दर आठवड्याला चाळीस लिटर विकत आणणार का?

मी पाणी शुद्धीकरणाच्या धंद्यात आहे, मासे पाळत नाही, त्यामुळे मासळीबद्दल माझं काही ऐकू नका. पण तिसऱ्या पर्यायाबद्दल बोलतो, कारण तिथे लोक हमखास फसतात.

ती परदेशी युनिट नळाला ५०-६० पीएसआय दाब असेल असं गृहीत धरून बनवलेली असतात. आपल्याकडे पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं. दहा मीटर उंचीला दाब मिळतो साधारण १४ पीएसआय. तुम्ही सातमजलीत पाचव्यावर, म्हणजे टाकीच्या तळापासून तुमच्या नळापर्यंत नऊ-दहा मीटर. सढळ हाताने १३ धरा. आता मेम्ब्रेनमधून पाणी ढकलायला आधी क्षारांचा स्वतःचा ओढा मोडावा लागतो. ठोकताळा असा की दर १०० टीडीएसला एक पीएसआय. तुमचे ६४०, म्हणजे सहा-साडेसहा तिथेच गेले. हातात उरले सहा-सात. ७५ जीपीडीचं मेम्ब्रेन, म्हणजे पुस्तकात दिवसाला २८० लिटरच्या आसपास, तुमच्याकडे त्याच्या सात-आठ भागांतला एखादा भाग देईल.

आणि नुसतं कमी देत नाही, घाणही देतं. क्षार मेम्ब्रेनमधून झिरपतात ते दाबाकडे न बघता, आपल्या गतीने. पाणी मात्र दाबाच्या हिशेबाने येतं. दाब कमी झाला की पाणी कमी, क्षार तेवढेच, म्हणजे टीडीएस वर. म्हणून गच्चीच्या टाकीवर राहणाऱ्याने बूस्टर पंपाशिवाय, म्हणजे दाब वाढवणाऱ्या पंपाशिवाय, मेम्ब्रेन विकत घेऊ नये. पंप हा चैनीचा भाग नाही, मशीनचं काळीजच ते.

कूपमंडूक | सोमवार, रात्री ९:४७

अणुरेणू, हे दुकानात कोणी सांगितलं नाही हो! उलट 'पंप नाही म्हणजे मेंटेनन्स नाही' असं सांगितलं.

आता आजचा पंचनामा. झाकण उघडलं. आत मेम्ब्रेनच्या डब्यामागून एक बारीक पांढरी नळी टी-जोडात शिरते, त्यावर नखाएवढा स्क्रू. स्क्रूवर धूळ, पण खाचेत नव्हती, म्हणजे मागच्या सर्व्हिसला कोणीतरी फिरवलाय. घड्याळाच्या दिशेने घट्ट बंद केला, पुढचं मिनरलचं कार्ट्रिज काढून नळी सरळ जोडली. आतली आठ लिटरची टाकी दोनदा भरून ओतून दिली. मग पेन बुडवला.

६८ चे २१!

तळ्यात_मळ्यात, तुमचे पाय कुठे आहेत? मात्र रात्री जेवताना आईने एक घोट घेतला आणि भांडं खाली ठेवलं. "पाण्याला चवच नाही रे आज. उकळून गार केल्यासारखं लागतंय." काय केलं ते अजून सांगितलेलं नाही.

तळ्यात_मळ्यात | सोमवार, रात्री १०:१६

पाय ठाण्यात. आईंसाठी स्क्रू परत उघडा आणि माशांसाठी वेगळी लाइन करा. एकाच आरओवर दोघांचं भागवू नका, त्याला चवीखेरीज आणखी एक कारण आहे.

मशीन बंद असताना मेम्ब्रेनच्या अलीकडचे क्षार हळूहळू पलीकडे झिरपत राहतात. सुरू झाल्यावर पहिली मिनिट-दोन मिनिटं येणारं पाणी फार वाईट असतं. माझ्याकडे स्थिर झाल्यावर ६ येतो, पण पहिल्या पेल्यात मी ८० सुद्धा बघितलाय. स्वयंपाकघरातला आरओ दिवसभरात दहा वेळा सुरू-बंद होतो, कोणी तांब्या भरला की चालू, आतली टाकी भरली की बंद. दर वेळी ती पहिली घाण आत पडते. टाकीसाठी मशीन आठवड्यातून एकदा किंवा दोनदा लावायचं, पहिली दोन-तीन मिनिटं मोरीत सोडायची, मग सलग ड्रम भरायचा.

मीठभाकर | मंगळवार, सकाळी ७:२०

वाचतोय दोन दिवस. राग मानू नका, पण मी लातूरचा. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. घागरी लावून रांगेत उभा राहिलेला माणूस आहे मी. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर गटारात, आणि तेही शोभेच्या माशांसाठी, तेही टँकरचं पाणी! हे वाचताना घास अडकतो.

कूपमंडूक | मंगळवार, सकाळी ९:५५

राग नाही. प्रश्न रास्त आहे. म्हणून आत्ताच बसून हिशेब केला. आठवड्याला वीस लिटर पाणी बदलणं, अधिक वाफेची भर एकवीस लिटर, मिळून ४१. तिप्पट वाया धरलं तर १२३ लिटर, म्हणजे दिवसाला साडेसतरा. ते गटारात जाणार नाही, एवढं मी लिहून देतो. ६४० चं पाणी मेम्ब्रेनच्या मागच्या नळीतून येताना ८५० च्या आसपास होईल. फरशी पुसणं, संडासात ओतणं, गाडी धुणं याला ते चालतं. पिंप मोरीत ठेवायची जागा काल मोजली.

अणुरेणू | मंगळवार, सकाळी १०:३०

आणि कोणी 'वेस्ट कमी करून देतो' म्हणून बारीक रिस्ट्रिक्टर (वाया जाणाऱ्या पाण्याची वाट अरुंद करणारा तुकडा) बसवत असेल तर बोअरच्या पाण्यावर तसं करू देऊ नका. वाया जाणारं पाणी उगाच जात नाही, ते अडवलेले क्षार वाहून नेतं. ते कमी केलंत की मेम्ब्रेनच्या अंगावर चुना धरतो, पातेल्याच्या बुडाला धरतो तसाच. मग वर्षात मेम्ब्रेन कचऱ्यात. मुंबईसारखं धरणाचं मऊ पाणी असेल तर जास्त पाणी वाचवता येतं, कारण धरायला चुनाच फारसा नसतो. मीठभाकर, म्हणून प्रत्येकाने आपल्या पाण्यावरून ठरवायचं.

पोटोमॅककाठचा | मंगळवार, संध्याकाळी ६:०२ (तुमच्याकडे)

व्हर्जिनियातून. आमच्याकडे दाबाचा प्रश्न नाही, नळाला साठच्या वर पीएसआय येतं. टीडीएसही दीडशे-दोनशे. आमचं दुखणं क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनिया मिळून होणारं संयुग. वॉशिंग्टन डीसीच्या भागात पाण्यात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन असतं, फक्त वसंतात काही आठवडे साध्या क्लोरीनवर जातात. साधा कार्बन क्लोरामाइन पटकन तोडत नाही, आणि तुटलं तरी अमोनिया सुटतो. म्हणून मी दोन कार्बन ब्लॉक एकापाठोपाठ लावलेत, आणि सुटलेला अमोनिया शेवटी डीआयमध्ये पकडला जातो. इथे टीडीएसचा आकडा काहीही सांगत नाही, क्लोरीनची चाचणी वेगळी करावी लागते. तुमच्याकडे काय घालतात?

दुसरी गोष्ट, जानेवारीत नळाचं पाणी बर्फासारखं असतं तेव्हा माझा ड्रम भरायला दुप्पट वेळ लागतो. मेम्ब्रेनचा आकडा २५ अंशाच्या पाण्यावर दिलेला असतो.

अणुरेणू | मंगळवार, रात्री ८:११

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी क्लोरीन. टँकरवाले आणि सोसायट्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतात, तीही हातच्या अंदाजाने, आज शून्य आणि उद्या पोहण्याच्या तलावासारखं. क्लोरीन मेम्ब्रेन जाळतं, म्हणून कार्बन मेम्ब्रेनच्या आधी हवाच. ग्रामपंचायतीत करतात ती ओटी टेस्ट आठवते? नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन आहे. तीच कार्बननंतरच्या पाण्यावर महिन्यातून एकदा करा. पिवळं दिसलं की कार्बन बदला, तारीख बघत बसू नका.

तापमानाचं आपल्याकडे उलटं. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. तेव्हा मेम्ब्रेन भराभर पाणी देतं आणि आपल्याला बरं वाटतं, पण क्षारही जास्त सोडतं. ४५ अंशाच्या वर तर मेम्ब्रेनच खराब होतं. उन्हाळ्यात ड्रम पहाटे भरा.

घागरभर | मंगळवार, रात्री ११:४८

पहाटे भरा, पण जागे राहून भरा. मी रात्री अकराला ड्रमला नळी लावून पाच मिनिटं आडवी झाले. पहाटे साडेचारला खालच्या काकू दारात. त्यांच्या हॉलच्या पीओपीला फुगा आलेला आणि फुग्याखाली त्यांनी परात ठेवलेली. काकू काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. परात पण त्यांनीच धुऊन वाळत घातली. आता ड्रमला फ्लोट व्हॉल्व आहे, आरओला बंद करणारा प्रेशर स्विच आहे, आणि तरी फोनला गजर लावते. नुसत्या फ्लोटवर विसंबू नका, पंप मागून ढकलत राहिला तर कुठला ना कुठला जोड सुटतो.

कूपमंडूक | बुधवार, रात्री ९:३०

घागरभर, गजर लावला. आमच्या खाली सोसायटीचे सेक्रेटरी राहतात.

आता डीआयबद्दल सांगा. २१ वरून शून्यावर जायला रेझिन लागणार हे कळलं. रंग बदलणारं घ्यायचं म्हणतात. एक डबा पुरे की दोन?

तळ्यात_मळ्यात | बुधवार, रात्री १०:४०

दोन, एकापुढे एक. कारण तुमच्या तपकिरी थरात आहे. तो थर म्हणजे बहुतेक डायटम, एक सूक्ष्म शेवाळ, आणि डायटमचं कवच सिलिकाचं. आपण राहतो बेसॉल्टवर. त्या खडकातून झिरपलेल्या बोअरच्या पाण्यात सिलिका विरघळलेली असतेच. आता गंमत बघा. सिलिकेवर विद्युतभार जवळपास नसतो, म्हणून टीडीएस पेनला ती दिसतच नाही. रेझिनही तिला सगळ्यात सैल धरतं. रेझिन थकायला लागलं की सर्वांत आधी सिलिका हातातून सोडतं, आणि पेन अजून शून्यच दाखवत असतो. माणूस म्हणतो, पाणी तर शून्य आहे, मग शेवाळ कुठून आलं?

दोन डबे असतील तर पहिल्याने सोडलेलं दुसरा पकडतो. पहिल्या डब्यानंतरचं पाणी १ दाखवायला लागलं की पहिला काढायचा, दुसरा पुढे सरकवायचा, नवा मागे. रंगावर फार जाऊ नका. रंग बदललेला दिसला की बदला, पण रंग बदलला नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

आणि पैसे वाचवायचे असतील तर रेझिनवर नाही, मेम्ब्रेनवर खर्च करा. ९६ टक्केवालं आणि ९८ टक्केवालं यात फरक दोन टक्क्यांचा वाटतो. तुमच्या ६४० वर पहिलं २६ सोडतं, दुसरं १३. म्हणजे तेवढंच रेझिन जवळपास दुप्पट दिवस चालतं. बोअरच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही असतो, तो मेम्ब्रेन अडवत नाही आणि रेझिन खातो. म्हणून पुस्तकातल्या हिशेबापेक्षा रेझिन आधी संपलं तर विकणाऱ्याला शिव्या देण्याआधी ड्रमभर पाण्यात रात्रभर एअरस्टोनने (बुडबुडे सोडणाऱ्या दगडाने) हवा सोडून बघा.

कूपमंडूक | तीन आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ११:१५

केलं. कोपऱ्यावरच्या आरओ दुरुस्तीवाल्या दादांकडूनच जोडून घेतलं, सुट्या भागांचं. पाच मायक्रॉनचा स्पन (गाळ अडवणारा फिल्टर), दोन कार्बन ब्लॉक, बूस्टर पंप, ७५ चं मेम्ब्रेन, पुढे दोन उभे डबे रेझिनचे. दाबाचा काटा पंपानंतर बसवायला लावला. दादा म्हणाले, "काटा कशाला साहेब, पाणी येतंय ना?" काटा ६८ वर उभा राहिला तेव्हा त्यांनीच फोटो काढून घेतला. यूव्ही, मिनरल, तांबं यांतलं काही नाही. शुद्ध पाण्याच्या बाजूला पितळी जोड लावत होते, तेवढा थांबवला आणि प्लॅस्टिकचा घेतला. सगळं मिळून साडेसात हजार.

आकडे: आत ६४०, परवाच्या टँकरला ७१०. मेम्ब्रेननंतर पहिल्या मिनिटाला ९४, चौथ्या मिनिटाला १५. डीआयनंतर शून्य. तपकिरी थर गेलेला नाही, पण आता काच तीन दिवसांनी पुसतो. मोरीतल्या पिंपातलं पाणी बायको फरशीला वापरते, आणि चौथा पर्याय तिने तूर्त मागे घेतलाय.

काल ऑफिसात असताना आईचा फोन. "अरे, तुझी ती कोळंबी गेली रे. पांढरी पडून तळाशी आडवी झालीय. मी हात लावला नाही." मीटिंग सोडून घरी आलो. आई टाकीसमोर स्टूल टाकून बसलेली. तळाशी खरंच आख्खी कोळंबी, मिशांसकट, आरपार दिसणारी. आणि दगडामागून दुसऱ्या मिशा हलत होत्या. कात टाकली होती बाईसाहेबांनी.

तळ्यात_मळ्यात | रविवार, दुपारी १२:०३

कात उचलू नका, राहू दे तिथेच. आणि दोन दिवस तिला कोणी छेडणार नाही असं बघा, अंग मऊ असतं.

मीठभाकर | रविवार, दुपारी १२:४०

पिंप किती लिटरचं घेतलं? आमच्या इथे आरओचं पाणी वर्षानुवर्षं मोरीत जातंय, आज नळी ओढून बघितली.